कातडीचं बीज

४ फेब्रुवारी, घरून

प्रिय भावजयीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. तू गेल्यापासून घर सुनं झालं आहे. तुझे यजमान पूर्वीचे राहिलेले नाहीत. आवाज चढवत नाहीत, लिफ्टच्या कामावर वेळेवर जातात, वेळेवर परत येतात. आई तुझी नित्य आठवण काढते.

आता आनंदाची वार्ता. येथील एका मोठ्या प्रयोगशाळेने तुझ्या यजमानांच्या दंडाची थोडीशी कातडी घेतली आहे. त्या कातडीच्या पेशींना मागे मागे नेऊन मूळ अवस्थेत आणतात, आणि मग त्यांच्यापासून पुरुषबीज निर्माण करणाऱ्या पेशी घडवतात, असे शास्त्र निघाले आहे. म्हणजे जी उणीव होती ती आता उणीव राहणार नाही. मात्र तेथील नियमानुसार पुढच्या टप्प्याआधी पती आणि पत्नी दोघांनीही समक्ष येऊन होकार द्यावा लागतो. दिवस ठरला आहे, मार्चची तीस तारीख.

तरी तू यावेस. झाले गेले विसरावे. संसारात भांड्याला भांडे लागायचेच.

तुझी नणंद


४ फेब्रुवारी, ग्रंथालयातून

भावजयबाई,

सकाळचं पाकीट तुझ्या मामांमार्फत वळसे घेत पोचेल. फाडू नकोस, जपून ठेव. इतकं शुद्ध, इतकं निर्दोष खोटं मला पुन्हा साधेल असं वाटत नाही. मी ते लिहीत होते तेव्हा बंधुराज समोर बसले होते, हातात नट आवळायचा मोठा पाना, आणि तो तळहातावर हळूहळू आपटत होते. ताल धरल्यासारखा. "भांड्याला भांडं" हे वाक्य त्यांचं. मी म्हटलं, "भांड्याला भांडं लागलं तर दोन्हींना पोचे पडतात. तुला कुठं पडलाय, दाखव."

"ताई, तू लिही. पंडिताई नको."

लिहिलं. मग त्याने ते वाचलं, चिकटवलं आणि खिशात घातलं.

तेव्हा आपल्या दोघींत एक ठरवून टाकू. घरून येईल ती संहिता, ग्रंथालयातून येईल ते भाष्य. आमच्या गुरुजींची ताकीद असे, भाष्यावाचून संहितेवर विश्वास टाकू नये. तुझी उत्तरं इथंच, ग्रंथपाल या माझ्या हुद्द्यावर पाठव. तुझा पत्ता घरात कुठंही लिहिलेला नाही. तो माझ्या डोक्यात आहे, आणि माझ्या डोक्यात शिरायचा प्रयत्न त्याने शाळेत असल्यापासून केलेला नाही.

विचारशील, खरंच बदललाय का. आवाज चढवत नाही, हे खरं. पूर्वी आधी ओरडायचा, म्हणजे ताट बाजूला सरकवायला सवड मिळायची. आता ती मिळत नाही. तू गेलीस त्याच आठवड्यात तुझे उरलेले कपडे मोरीत टाकून पेटवले. धुराने आईला ढास लागली, तर ती म्हणते, "नायलॉनचं वापरायची ना ती, त्याचा हा धूर." आरसा फुटला. खालच्या मजल्यावरच्या मास्तरांच्या स्कूटरचा दिवा फुटला. आपल्या घरातल्या क्रियापदांना कर्ता नसतो हे तुझ्या लक्षात आलंय का? दात पडला, आरसा फुटला, दिवा गेला. सगळं आपोआप.

इतकी वर्षं आईने तुला वांझ म्हटलं. मग तपासणीचा निकाल आला की दोष त्याच्यात आहे, वीर्यात बीजच नाही. तू तो आईसमोर मोठ्याने वाचलास. एवढाच तुझा अपराध. वाक्य पुरं व्हायच्या आत तुझा दात फरशीवर होता. तू धंद्याने कवळ्या बनवणारी. दात रुमालात बांधून घर सोडलंस, परगावी जाऊन नोकरी धरलीस आणि पहिलं काम काय केलंस, तर स्वतःचा दात स्वतःच घडवून बसवलास. स्वावलंबनावर निबंध लिहायला सांगितला तर मी दुसरं उदाहरण शोधणार नाही.

येऊ नकोस. सविस्तर पुढे.

तुझी ताई


२० फेब्रुवारी, ग्रंथालयातून

भावजयबाई,

काल बंधुराजांबरोबर प्रयोगशाळेत गेले. "तू शिकलेली आहेस, त्या काय म्हणतात ते नीट ऐक," म्हणाला. म्हणजे माझ्या पदवीचा घराला उपयोग झाला. आईला कळवलं पाहिजे.

बुटांवर निळ्या पिशव्या चढवून आत सोडतात. संशोधक बाई ठेंगण्या आहेत, टोपीतून केस बाहेर आलेले, हातात केव्हाचा गार झालेला चहा. त्यांनी एक कपाट दाखवलं. आत माणसाच्या अंगाएवढी ऊब असते. त्यात चपट्या बशा, बशांत गुलाबी पाणी. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर पेशींच्या गोल गोल वस्त्या दिसल्या, विमानातून गावं दिसावीत तशा.

बंधुराज वाकले. आणि काय सांगू तुला, ज्या माणसाने तुझी बरगडी मोडली होती तो कुजबुजत्या आवाजात म्हणाला, "झोपलाय का?"

"तो नाही, ते," बाई म्हणाल्या. "आणि अजून कोणीच नाही. या तुमच्या कातडीच्या पेशी. कातडीपण विसरायला लावून आम्ही त्यांना मूलपेशी केलंय. आता त्यांचं काहीही होऊ शकतं, हाड, हृदय, काहीही. त्यांना बीजाच्या वाटेला लावायचं काम पुढचं. आणि त्या वाटेने शेवटपर्यंत, म्हणजे शुक्राणूपर्यंत, माणसाच्या पेशीला आम्ही अजून नेऊ शकलेलो नाही. हा अभ्यास आहे, उपचार नव्हे. हे तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

"हो हो," बंधुराज म्हणाले. "मुलगाच ना पण?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

तो हात धुवायला गेला तेव्हा मी विचारलं, "बाई, अख्खा माणूस असा मागं नेता येतो का? पाळण्यापर्यंत नको, शाळेपर्यंत नेला तरी पुरे."

हसल्या. "पेशीला चार प्रथिनं पुरतात. माणसाला काय पुरतं ते तुमच्या ग्रंथालयात असेल."

"आमच्याकडे कपाटंच्या कपाटं त्याचीच आहेत. वाचक नाहीत."

मग त्या गंभीर झाल्या. काही पेशी सगळं विसरल्यासारखं दाखवतात पण आत कातडीची खूण धरून बसतात, म्हणाल्या, अशा आम्ही टाकून देतो. आणि त्यांचा नियमही सांगितला. होकाराच्या दिवशी नवऱ्याला एका खोलीत बसवतात, बायकोला दुसऱ्या. तिला एकटीलाच विचारतात. कारण बीजाच्या वाटेला लागल्यावर प्रश्न एकाच्या कातडीचा राहत नाही. बायको नाही म्हणाली, किंवा आलीच नाही, तर पेशी आहेत त्या अवस्थेत गोठवून ठेवायच्या. पुढं पाऊल नाही.

म्हणजे बघ, आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला तुझ्याकडून अशी गोष्ट हवी आहे की जी मारून घेता येत नाही. दुसऱ्या खोलीत त्याचा हात पोचत नाही. म्हणून ही गोड पत्रं.

निघताना त्याने कपाटाचं दार इतक्या अलगद लावलं की बाईही बघत राहिल्या. आणि बाहेर वळणावर एका सायकलवाल्याचा धक्का लागला, ओझरता. त्याला कॉलरीला धरून उतरवला, आपटला, आणि मग खाली पडलेल्या सायकलच्या तारांवर पाय देत राहिला, एकेक तार वाकेपर्यंत. तोंडाने गुणगुणत होता. खुशीत होता गं. माझ्या लक्षात आलं, रागात असताना तो निदान थकतो तरी.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "पुरुषाचा राग दुधासारखा. उतू जातो नि खाली बसतो."

म्हटलं, "शेगडी कोण पुसतं, आई?"

"तू नाहीच पुसलीस कधी," म्हणाली. वादात ती माझ्याकडून अजून हरलेली नाही.

तुझी ताई


६ मार्च, घरून

प्रिय भावजयीस,

अ. उ. आ.

तुझे यजमान दर आठवड्याला प्रयोगशाळेत जाऊन येतात. त्यांनी तेथील सूचनांचे पालन करून विडी सोडली आहे. घराला रंग दिला आहे, कोपऱ्याची खोली फिकट पिवळी. ते सांगतात की तुझा दात ते चांगल्यातला चांगला बसवून देतील. (तो बसलेला आहे असे मी सुचवले. तरीही बसवून देतील.) ते सांगतात की तू तारखेस आली नाहीस तर त्यांना वाईट वाटेल. ते सांगतात की ‘वाईट’ या शब्दाखाली रेघ ओढावी. ओढली आहे.

तुझी नणंद


९ मार्च, ग्रंथालयातून

भावजयबाई,

तुझं पत्र पोचलं. येते म्हणतेस.

पुन्हा पुन्हा वाचलं. "ताई, मूल मला हवंय. त्याच्यासाठी नाही, घराण्यासाठी नाही, मला. दुसऱ्यांच्या तोंडांचे साचे ओतून ओतून माझे हात भरलेले आहेत, ओटी नाही. त्याच्या कातडीतून का होईना, होणार असेल तर मी ती एक खोली, ते एक वाक्य सोसेन."

मी पुष्कळ गोष्टींची थट्टा करते. याची नाही करणार. तुला जे हवंय ते हवं असण्यात काही चूक नाही.

पण दोन गोष्टी ऐक. पहिली अशी की त्या बशीत मूल नाही. बाईंनी मला तीनतीनदा बजावलं. तिथं शिकणं चाललंय, आणि ते शिकून पुरं होईल तेव्हा तू आणि मी एकमेकींच्या कवळ्या शोधत असू. बंधुराजांना हे सांगून झालं. त्यांच्या कानांचं असं आहे की हवं तेवढंच आत जातं.

दुसरी गोष्ट, धर की सगळं जमलं. धर की मूल झालं. मूल रडतं, भावजयबाई. घटकाघटकाला रडतं, कारण नसताना रडतं. रडणाऱ्या गोष्टीचं तो काय करतो ते माझ्यापेक्षा तुला ठाऊक.

गेल्या आठवड्यातलं सांगते, म्हणजे मी अतिशयोक्ती करते असं वाटायला नको. एका जुन्या इमारतीत, ओढायच्या जाळीच्या दाराची लिफ्ट दुरुस्त करायला गेला होता. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ, पोट सुटलेले, विनोदी म्हणून प्रसिद्ध, म्हणाले, "काय मिस्त्री, वर जाते की नाही तुमची?" लिफ्टबद्दल म्हणाले की आणखी कशाबद्दल, देव जाणे. बंधुराजांच्या उणिवेविषयी कुजबुज आहेच सगळीकडे. बंधुराज हसले. म्हणाले, "साहेब, जरा जाळीतून हात घालून ती खिटी बघता का, ढिली लागतेय का." त्यांनी घातला. याने जाळी ओढली. दोन्ही हातांनी, पाय भिंतीला लावून. आणि ते किंचाळत असताना पुन्हा उघडून पुन्हा ओढली, कारण पहिल्या खेपेला नीट बसली नव्हती. बोटं गेली. कंपनीने अपघात म्हणून नोंदलं.

हे मला कसं कळलं? जेवताना त्यानेच सांगितलं. ‘नीट बसली नव्हती’ हे शब्दही त्याचेच. आई म्हणाली, "लोकांनाही काही बोलायचा पोच नसतो." आणि त्याला आणखी वाढलं.

आईचा फोन येईल तुला. तो समोर बसवून करायला लावतो. हवापाण्याविषयी बोल. बाकी अवाक्षर नको.

आणि येऊ नकोस. मी तुझ्यापेक्षा मोठी आहे. एवढ्या वर्षांत तुझ्यावर मोठेपणा गाजवला नाही, तो सगळा साठवलेला आज एकदम गाजवते. येऊ नकोस.

तुझी ताई


१७ मार्च, घरून

मी लिहितोय. ताई लिहिणार नाही. ताई पडली. हात मोडला.

तू आईला फोनवर विचारलंस, त्या लिफ्टवाल्या माणसाच्या बोटांचं काय झालं म्हणून. आई साधी आहे, मला म्हणाली, हिला कुणी सांगितलं? तेव्हा मला कळलं ताई काय करते ग्रंथालयात.

झालं ते झालं. मला राग नाही. तीस तारखेला ये. बाई तुला दुसऱ्या खोलीत नेतील. हो म्हण. एक अक्षर आहे. ते म्हणायला काय जातं तुझं?

मी तुला बोट लावणार नाही. शपथ. खोटं वाटलं तर ताईला विचार.

मी बशीतल्या त्याला सांगितलंय, तुझी आई येणार म्हणून. रोज विचारतो.

हे पत्र तुझ्या मामांकडूनच धाडतोय, पण तुझा पत्ता मला मिळाला. तीसला आली नाहीस तर मी येतो.


२३ मार्च, इस्पितळातून

भावजयबाई,

अक्षर माझं नाही, घाबरू नकोस. मी सांगते आहे आणि वॉर्डातली परिचारिका तिच्या फावल्या वेळात लिहून घेते आहे. गोड मुलगी आहे, ऱ्हस्व-दीर्घाशी तिचं वैर आहे, ते तू पोटात घाल. (ती म्हणते, "मावशी, हे पण लिहू?" सगळं लिही.)

आधी फोनचं. तू लिहिलंस, ‘माझ्या तोंडून निघून गेलं, ताई, मला फाशी द्या.’ फाशीबिशी काही नको. ज्या घरात कुणाची बोटं तुटल्यावर ‘आणखी वाढू का’ एवढंच विचारतात, त्या घराशी बोलताना एखादा माणूस माणसासारखं विचारून बसतोच. तुझ्याऐवजी मी असते तर मीही विचारलं असतं, आणि वर व्याख्यान दिलं असतं.

आता हाताचं. त्याने मला स्वयंपाकघरातल्या ओट्याशी नेलं. माझा उजवा हात ओट्यावर ठेवला, पंजा पसरून, नखं कापायला बसवतात तसा. "याच हातानं ना?" म्हणाला. मी म्हटलं, डाव्याने मला येत नाही. पाना उगारला आणि विचारलं, "कुठं राहते ती?"

मी सांगितलं नाही. पहिल्या घावाला नाही. दुसऱ्याला मी ओरडले, पण ओरडण्यात पत्ता नव्हता. आई दारात उभी होती. म्हणाली, "अरे, बास, शेजारी ऐकतील." तिसऱ्याला मी सांगितला.

थांब, श्वास घे. (परिचारिकेनेही लिहिणं थांबवलंय. लिही गं.) मी त्याला आमच्या एका प्रकाशकाच्या गोदामाचा पत्ता सांगितला. प्रकाशक जाऊन युगं लोटली. तिथं न विकले गेलेले व्याकरणाचे ग्रंथ आहेत आणि वाळवी आहे. त्याने तो पत्ता दोनदा म्हणवून घेतला. दोन्ही वेळा बरोबर म्हटला. पाठांतराची सवय कुठं आणि कशी उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी मला इथं आणलं. इथून मी प्रयोगशाळेतल्या बाईंना निरोप धाडला. त्या स्वतः आल्या. माझ्या हाताकडे बघत बसल्या, चहा न पिता. मग म्हणाल्या, "तुमच्या भावजयीला मी त्या खोलीत आता विचारूसुद्धा शकत नाही. असल्या होकाराला होकार म्हणत नाहीत. मी पेशी गोठवते आणि त्यांना कळवते." मी म्हटलं, पत्राने कळवा, समोरासमोर नको. पण त्या सरळ स्वभावाच्या. फोन केला.

परवा दुपारी बंधुराज प्रयोगशाळेत गेले. काचेचं दार पान्याने फोडलं. रखवालदार आडवा आला, त्याच्या गुडघ्यावर घाव. आतलं उबेचं कपाट पालथं केलं, बशा पायांखाली, गुलाबी पाणी सगळीकडे. बाई मध्ये आल्या तर पान्याची मूठ त्यांच्या कपाळावर बसली. त्यांच्या डोळ्यांत रक्त उतरलं. "कुठाय तो?" एवढंच विचारत होता. "कुठं लपवलाय?" त्यांनी टाकीकडे बोट केलं. जीव वाचवायला माणूस आणखी काय करणार?

त्या टाकीत द्रव नायट्रोजन असतो. त्याच्या थंडीला थंडी म्हणणं म्हणजे वणव्याला ऊब म्हणणं. जाड हातमोजे घालूनच आत हात घालतात. हा उघड्या हाताने गेला. धातूची चौकट धरून उपसली, आणि तळहाताची कातडी त्या चौकटीलाच राहिली. एकेक कुपी बघून आपली ओळखली. तिच्यावरचा आकडा त्याला पाठ होता. तुझा वाढदिवस त्याला कधी पाठ झाला नाही.

आणि मग कुठं यावं त्याने? इथं. माझ्या खाटेशी. भेटीची वेळ होती, सगळ्या खाटांभोवती नातेवाईक. तो आला, कोपरापर्यंत भिजलेला, तळहात सोललेला, मूठ छातीशी. मला वाटलं, आता डावा हात.

"ताई, धर," म्हणाला. "तू वस्तू जपून ठेवतेस. फ्रीज कुठाय इथं? थंडी जाऊ देऊ नको त्याची."

मूठ उघडली. पोराने चिमणीचं पिल्लू आणून दाखवावं तशी. नखाएवढी कुपी, आत वितळलेलं पाणी. त्याच्याच मुठीच्या ऊबेने वितळलेलं. अशा पेशी वितळल्या की लगेच निगुतीने सांभाळाव्या लागतात, नाही तर संपतात, हे बाईंनी मला सांगितलं होतं. त्यालाही सांगितलं होतं.

खोटं बोलता आलं असतं. माझी संहिता चांगली असते, तू पाहिलीच आहेस. पण म्हटलं, "मेलं रे ते. तुझ्या हातातच मेलं."

त्याने हात उगारला. सोललेली बोटं मिटेनात. मूठच वळेना. त्या हाताकडे तो नुसता बघत राहिला, आणि मग दुसऱ्या हाताने माझ्या डोक्याशेजारचा सलाइनचा लोखंडी स्टँड उचलला. ही माझी लेखनिका (लाजू नकोस, लिही) मध्ये पडली. तिच्या खांद्याला लागलं. शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक धावले, चौघे त्याच्या अंगावर बसले, तेव्हा कुठं पोलीस येईपर्यंत तो खाली राहिला. खालून ओरडत होता. शिव्या नव्हत्या. एकच, "पाय पडेल त्याच्यावर, अरे, पाय पडेल."

कुपी खाटेखाली गेली होती. झाडणाऱ्या बाईने काढली.

तुझी ताई

(मावशी रडत नाहीयेत. पण मी थांबवलंय. — परिचारिका)


२ एप्रिल, ग्रंथालयातून

भावजयबाई,

हे डाव्या हाताचं अक्षर. कुणा विद्यार्थिनीचं असतं तर मी तिला पुन्हा लिहायला लावलं असतं.

बाईंना कपाळावर टाके पडलेत, त्या कामावर परतल्या. भेटायला गेले होते. त्यांची रीत अशी की कुठल्याही माणसाच्या पेशींची एक कुपी दुसऱ्या टाकीत, दुसऱ्या इमारतीत ठेवायची. म्हणजे बंधुराजांची कातडी अजून आहे, शाबूत, मूलपेशी होऊन झोपलेली. आणि त्यांनी तुला स्वतंत्र पत्र लिहून विचारलं. घाई नाही, दडपण नाही, तुम्ही काय म्हणता?

तुझं उत्तर त्यांनी मला दाखवलं नाही. नियमाच्या पक्क्या. पण तू मला कळवलंस, ‘ताई, मी नाही म्हटलं. टपालात टाकलं, कामावर आले आणि कुणाची तरी कवळी घासत दिवसभर रडले. त्या माणसाला आता ती खारट लागेल.’

मी तुला शाबासकी देणार नाही. असल्या नाहीला शाबासकी देतात का? तू कशाला नाही म्हटलंस ते मला कळतं. त्याला म्हटलंस तेवढं सोपं होतं. दुसरं जे म्हटलंस, ते कुणाला उद्देशून होतं त्याला नावही नाही.

आता व्यवहार. आईने पोलिसांना सांगितलं, मुलगी पडली, सून स्वतःहून गेली, मुलाला कामाचा ताण आहे. मी माझा जबाब दिला, बाईंनी त्यांचा, रखवालदाराने त्याचा. वकील म्हणतो, खटला चालेल तेव्हा चालेल, जामीन मात्र या आठवड्यात होईल. सुटला की तो दोन ठिकाणी जाणार. आधी त्या गोदामात. तिथं वाळवी भेटेल. मग माझ्याकडे, खरा पत्ता विचारायला. तुझा होकार अजून त्याला हवाच आहे. कुपी शिल्लक आहे हे त्याच्या वकिलाला कळलंय.

आणि आता मला डावा हात एकच उरलाय, भावजयबाई. पहिल्या खेपेला मी गोदाम सांगितलं. दुसऱ्या खेपेला काय सांगेन याची मला खात्री नाही. मी शूर आहे असं लोकांना वाटतं ते माझ्या बोलण्यावरून. म्हणून जिथं विचारायला मी सापडेन, तिथं मी नसणं बरं.

ग्रंथालयाचा राजीनामा दिला. अध्यक्ष म्हणाले, "इतक्या वर्षांची सेवा, निरोपसमारंभ तरी?" म्हटलं, भाषणात हात वर करावे लागतात.

आईला सांगितलं, मी जाते, तूही चल. ती कोपऱ्यातल्या पिवळ्या खोलीत बसली होती, त्याने रंगवलेल्या. म्हणाली, "तो आला नि घरात कुणी नसलं तर?" मी म्हटलं, "आई, तो आला नि घरात कुणी असलं तर?" तिने उत्तर दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा वादात मी जिंकले. इतकं नकोसं काही मी आजवर जिंकलेलं नाही. दारापर्यंत आली, माझ्या गळ्यातल्या झोळीतला हात नीट केला आणि म्हणाली, "पत्र टाक." कुठून टाकू ते विचारलं नाही. समजून नाही विचारलं, असं मी धरून चालले आहे. मास्तरांना सांगून ठेवलंय, आवाज ऐकला तर वर जा. ते जातील. त्यांची स्कूटर अजून आंधळीच आहे, पण ते जातील.

हे पत्र टपालात टाकत नाही. हातात घेऊनच येते, म्हणजे कुठल्या पाकिटावर पत्ता उरायला नको. तू म्हणतेस खोली एक, पलंग एक. मी घोरते, हे घराबाहेर कुणाला माहीत नाही. स्वयंपाक तू कर, भांडी मी घासेन, एका हाताने, हळूहळू, प्रत्येक भांड्याला नावं ठेवत.

संध्याकाळपर्यंत पोचेन. दार वाजलं तर लगेच उघडू नकोस. आतून ‘कोण’ म्हणून विचार. मी सांगेन. पुन्हा विचार. मी पुन्हा सांगेन. तुझी खात्री पटेपर्यंत विचारत राहा. मी बाहेर उभी राहीन, मला अजिबात घाई नाही.

तुझी ताई